उन्हातलं दूध

कोर्सला लागले तेव्हा माझी मुलगी अंगावर पीत होती, आणि हे मी तिथं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर काय सांगायचं. बाकीच्या मुली बारावी करून सरळ आलेल्या, मी त्यांच्यात एकटीच लेकुरवाळी, अकरावीत शाळा सुटलेली, मग लग्न, मग बारावी बाहेरून दिलेली, ती पण दुसऱ्या खेपेला. वॉर्डात जाताना गळ्यातलं, हातातलं सगळं काढून ठेवायचं असतं, त्यामुळे कोणी विचारलं नाही आणि मी पण बोलले नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. मग मी संडासात जाऊन कडी लावायचे, नळ सोडायचे आणि पिळून टाकायचे. दुधाचा काय आवाज येणार, हे मला कळत होतं, तरी नळ सोडायचेच.

आणि मी तिथं गेले होते कशाला, तर दुसऱ्या बायकांना दूध पाजायला शिकवायला. म्हणजे आधी नर्स व्हायचं, मग ते पुढचं. त्या पुढच्याला इंग्रजीत मोठं नाव आहे, लॅक्टेशन कन्सल्टंट, मला ते एका दमात म्हणता यायचं नाही. वॉर्डात सगळे दुधाची सिस्टर म्हणायचे. मला दुधाची सिस्टर व्हायचं होतं.

ते कुठून डोक्यात आलं ते सांगते. माझं माहेर इब्रामपूर, पेडणे तालुक्यात पार आत, नदी ओलांडली की महाराष्ट्र. लग्न होऊन डिचोलीकडे आले. हे खाणीच्या ट्रकावर होते, खाण बंद झाली तसे आता दुसऱ्याची गाडी चालवतात, घरी कधी असतात कधी नसतात. पहिलं बाळंतपण म्हणून आई म्हणाली माहेरी ये, पण बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी म्हापशाच्या बाजूला एका हॉस्पिटलात पाठवलं. मुलगी झाली. आणि मला तिला पाजताच येईना. ती तोंड उघडून रडायची, मी तिचं तोंड छातीवर दाबायचे, ती आणखी रडायची, मला रक्त आलं, छाती लाल होऊन गाठी झाल्या, ताप चढला. आई म्हणत होती आमच्या घराण्यात असं कोणाचं झालं नाही. माझ्या बाजूच्या खाटेवरची बाई कुशीवर पडून मोबाईल बघत पाजत होती. मला वाटलं मी बाईच नव्हे.

तेव्हा ती सिस्टर आली. वयानं मोठी, केस पांढरे, बोलणं अर्धं कोंकणी अर्धं मराठी. तिनं पडदा ओढला, मला विचारलं, "हात लावू?" मला आजपर्यंत असं कोणी विचारलं नव्हतं. बाळंतपणात किती जणांनी हात लावले, विचारलं कोणीच नव्हतं. तिनं मुलीला माझ्या काखेत धरायला लावलं, नारळ धरतात तसं, पाय पाठीमागे, आणि म्हणाली, थांब, घाई करू नको, तिला मोठं तोंड उघडू दे, जांभई देतात तसं. मुलीनं तोंड उघडलं आणि तिनं पटकन तिला जवळ लोटलं. बस. मुलगी ओढायला लागली, गिळताना तिचा गळा हलत होता, आणि मला पान्हा फुटला तो असा की दुसऱ्या बाजूनं झगा भिजला. मी रडले. सिस्टर म्हणाली, "रडलीस तरी हात हालवू नको गो बाय."

हे मला करायला यायला हवं, एवढंच त्या दिवशी मनात आलं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुका इंग्लिश खंय येता?" पण फॉर्म यांनीच आणून दिला.

मुलगी तीन महिन्यांची होती नव्हती, मी त्याच हॉस्पिटलातल्या कोर्सला जायला लागले. मुलीला सासू बघणार असं ठरलं. सासूनं एक शब्द वाकडा काढला नाही, लोक म्हणाले पोर सोडून कशी जाते, तर सासूच म्हणाली, "जाऊक दे तेका, मी आसंय न्हय." फक्त एक अट होती. अट पण म्हणत नाहीत तिला, रीत म्हणतात.

बाहेरून आलेल्या बाईनं मुलाला लगेच अंगावर घ्यायचं नाही. उन्हातून आली असेल तर दूध तापलेलं असतं. त्यात मी हॉस्पिटलातून येणार, माणसं मरतात तिथून. म्हणून आधी भाणात, न्हाणीतल्या मोठ्या हंड्यात, पाणी तापवायचं, आंघोळ करायची, मग मागच्या दारी जाऊन दोन्ही बाजूंच्या पहिल्या धारा माडाच्या मुळात पिळून टाकायच्या. कुठंही टाकायच्या नाहीत, पायाखाली आलं तर दूध आटतं. मग पोर घ्यायचं.

ऐकायला काही वाटत नाही. पण बस उशिरा यायची, मी घरी पोचेपर्यंत सांज झालेली. मुलीला माझा आवाज कळायचा. मी पायरीशी आले की ती आतून ओरडायला लागायची आणि मी तिच्या समोरून, तिच्याकडे न बघता न्हाणीत जायचे. लाकडं ओली असली की पाणी तापायला वेळ लागायचा. मी न्हाणीत, ती बाहेर रडतेय, माझी छाती तिच्या रडण्यानं आपोआप गळतेय, आणि मी तशीच उभी. मग सासूला बघवायचं नाही, ती बाटली द्यायची. मी धुऊन पुसून, धारा टाकून येईपर्यंत मुलीचं पोट भरलेलं. जवळ घेतली की तोंड फिरवायची. आधी आधी थोडं प्यायची. मग चाळा केल्यासारखं. मग छातीला तोंड लावलं की कमान करून मागे ढकलायची, मी तिची कोणी नसल्यासारखी.

मला कळत होतं काय चाललंय. रोज वॉर्डात तेच शिकत होते. बाटलीतून आयतं येतं, मग पोर अंगावरचं ओढायचा कंटाळा करतं, आई म्हणते दूध आटलं, मग खरंच आटतं. मी बाकीच्या बायकांना हे सांगत होते, आणि माझी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर सुटत चालली होती. तरी मी सासूला एकदासुद्धा म्हटलं नाही की मी धारा टाकणार नाही. भीती वाटायची. सासूची नव्हे, सासू काही मारकी नाही. भीती ही, की तिचं खरं असलं तर.

आणि याहून वाईट गोष्ट वर्गात झाली. तीच सिस्टर आम्हाला शिकवायला यायची, इतक्या बाळंतिणींत तिनं मला ओळखलं नव्हतं, एक दिवस तिनं विचारलं, तुमच्याकडे दुधाबद्दल काय काय समजुती आहेत ते सांगा. एकीनं सांगितलं चीक फेकून देतात. एकीनं सांगितलं आईनं थंड खाल्लं की पोराला सर्दी. मी कधी वर्गात तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि सांगायला लागले, आमच्या शेजारी एक म्हातारी आहे म्हणून. शेजारी म्हटलं, सासू नाही म्हटलं. आणि नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, तिच्या आवाजात, "पयली धार भायर गो, पयली धार भायर, दूध तापला!" मुली हसून हसून बाकावर पडल्या. एक म्हणाली, परत कर ना. मी परत केलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला आपल्यात जेवायला बसवलं. सिस्टर हसली होती का नाही, मी बघितलं नाही.

घरी गेले, न्हाले, आणि माडाच्या मुळात धारा टाकल्या.

मग आमच्या मागच्या घरातली सून बाळंत व्हायला त्याच हॉस्पिटलात आली. वीस वर्षांची असेल, हसरी, मला वयनी म्हणते. मुलगा झाला, सगळं नीट झालं, आणि ती घरी जायच्या दिवशी मी वॉर्डातच होते. सोबत तिची आई होती. ती सिस्टरला विचारत होती, घरी गेल्यावर ही बाहेर-बिहेर जाऊन आली की दुधाचं कसं करायचं. सिस्टर मला म्हणाली, "तुझ्याच बाजूची ना ही? तुमच्या भाषेत तूच सांग."

आजूबाजूला माझ्या वर्गातल्या चार-पाच जणी. मला पळून जावंसं वाटलं. पण पाठ होतं ते तोंडातून यायला लागलं, की दूध आत असतं, त्याला ऊन लागत नाही, ते अंगाच्याच ऊबेचं असतं, हात धुवायचे, कपडे बदलायचे आणि घ्यायचं पोर, पिळून टाकायची काही गरज नाही.

ती पोर नीट ऐकत होती. मग हसली, अगदी सरळ मनानं.

"पण वयनी, तू तर रोज सांजेक माडाच्या मुळात पिळतंस मगे?"

त्यांची खिडकी आमच्या मागच्या दारावरच उघडते.

"आमच्या जनेलातसून दिसता. माजी सासू माका दाखयता. म्हणता, बघ, शिकान नर्शीण होवक गेला तरी रीत सोडूक नाय तेना. तशी सून होयी."

तिची आई मान हलवत माझ्याकडे कौतुकानं बघत होती. हे कौतुकच मला सहन झालं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वर्गातली एक पाठीमागून हळूच म्हणाली, "तुला बाळ आहे?" आणि दुसरी, जिनं मला परत करून दाखव म्हटलं होतं, ती काही म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर मी वाचलं की तिला कळलं म्हातारी कोण ते.

सिस्टरनं मला चादरी ठेवतात त्या खोलीत नेलं. मला वाटलं आता काढून टाकणार.

"केवढं आहे?"

"पाच महिन्यांची."

"पिते?"

मी समोरच्या चादरीची घडी सरळ केली. मग मी म्हटलं, "ढकलते."

"दुपारचं दूध कुठं जातं?"

"संडासात."

"माझ्या वॉर्डातल्या संडासात," ती म्हणाली. रागानं नाही. जणू तिलाच कोणी काही लागेल असं बोललं होतं. मग म्हणाली, उद्यापासून इथं ये, झाकणाचा डबा मी देते, फ्रीजमध्ये ठेव, संध्याकाळी बर्फात घालून ने, बाटलीनं नको, चमच्यानं पाजायला सांग सासूला. मी मान हलवत होते. मग तिनं विचारलं, "घरी सासूला काय सांगतेस?"

"काय सांगत नाही."

"तिथं सांगत नाहीस, मग इथं बायकांना कशाला सांगतेस गो?"

मी समोरच्या चादरी उचलल्या आणि वॉर्डात गेले.

त्या दिवशी बसमध्ये मी सगळा वेळ काय बोलायचं ते मनात लावत होते. आये, असं असतं. आये, पुस्तकात असं आहे. माका रागा जाव नकात. घर आलं, पायऱ्या चढले, मुलीनं आतून हाक दिल्यासारखं केलं. मी हात धुतले, खोलीत जाऊन झगा बदलला. आणि बाहेर येऊन मुलीला उचलली.

सासू चुलीशी होती. "पानी तापला आसा," ती म्हणाली.

"मी हात धुतले, आये."

"न्हाय आधी."

"दूध तापत नाही आये. मी तिला अशीच घेते."

ती उठली. मला वाटलं हातातून ओढून घेईल. तिनं घेतली नाही. ती दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "माजो पयलो झील तसोच गेलो."

मला माहीत होतं की यांच्या आधी एक मुलगा होता आणि लहानपणीच गेला. त्याच्याबद्दल कधी कोणी बोललं नव्हतं.

"कापणी होती," ती म्हणाली. "वतात, भर उन्हात, दुपारपर्यंत कापतंय आणि धावत इलंय, तो रडत होतो. न्हावक थांबलंय नाय. तशाच तापलेल्या आंगान घेतलंय. सांजेक पोट सुटला. हिरवा पानी नुसता. दुसऱ्याचो जलम झालो तेवा मी एक दीस चुकलंय नाय, पयली धार भायर टाकल्याशिवाय घेवक नाय तेका. म्हणान तुझो घोव वाचलो."

मी मुलीला घेऊन तशीच बसले. वर्गात कमरेवर हात ठेवून उभी होते ते मला दिसलं. हे मी त्या पोरींना करून दाखवलं होतं. दोनदा.

मला वाटलं, आता उठावं, न्हावं, टाकाव्यात धारा, काय बिघडतं, तिच्या जीवासाठी. पण मुलगी छातीशी होती, झग्याला तोंड घासत होती, बाटली अजून मिळाली नव्हती तिला, भुकेली होती. आज नाही तर ती परत येणार नाही हे मला कळत होतं. मी म्हटलं, "आये, तुम्ही माझ्यापाशी बसा. तुम्हाला काय वाटलं तर सांगा, मी काढते."

ती बसली. मी मुलीला काखेत घेतली, तिनं ढकललं, मी सोडून दिलं, परत घेतलं. घाई करू नको, घाई करू नको, असं मी मनात म्हणत होते. तिनं रडायला मोठं तोंड उघडलं तेव्हा मी तिला जवळ लोटली. तिनं धरलं. एकदा सोडलं, परत धरलं, आणि ओढायला लागली. सासूनं तिच्या पोटावर हात ठेवला होता. तो हात तिनं पूर्ण वेळ काढला नाही, पोर पिऊन झोपली तरी नाही. मी शिकलेली, मला माहीत होतं काही होणार नाही, आणि तरी मी पण त्या पोटाकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तसंच. रविवारी मी दिवसभर घरी, दिवसभर पाजली, बाटली काढलीच नाही. संध्याकाळी तिला शी झाली. पातळ, पिवळी, मोहरी घोळल्यासारखी. सासूनं लंगोट उघडलं आणि तिथंच बसली. तिचं तोंड असं झालं की मी धावले.

"आये, हे असंच असतं," मी म्हटलं. "अंगावर पिणाऱ्या पोरांचं पिवळं आणि पातळच असतं. बघा, वास नाही. ती हसतेय. ताप नाही, डोळे खोल नाहीत. बरं आहे हे."

मी तिला लंगोट दाखवून समजावत होते, बोट लावून, हळू हळू, आणि मग माझ्या लक्षात आलं की वॉर्डात मी आजपर्यंत कोणालाच असं समजावलं नव्हतं, नुसतं पाठ म्हटलं होतं.

तिनं लंगोट उजेडाकडे धरून बघितलं. मग विचारलं, "म्हणजे दूध तापना नाय?"

"नाय, आये."

"मगे तो माझ्या दुधान गेलो नाय?"

"नाय. दुसरं काहीतरी गेलं असेल पोटात. पाण्यातून, हातातून. तुमच्या दुधानं नाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. रडली नाही. एवढी वर्षं ती काय घेऊन फिरत होती आणि माझ्या मुलीला रोज कशी मांडीवर घेत होती, मला माहीत नाही. मला वाटलं आता ती उठेल. पण ती बोलायला लागली, सावकाश, आठवून आठवून.

"तेचा पोट सुटला तशी मी तेका आंगार घेवकच नाय. माझा दूध वायट म्हणान. जाणते म्हणाले पानी पन देव नको, पोट सुका रवाक होया. तो मागी होतो. माझ्या छातीकडे बघी होतो. मी तेका माझ्या सासूकडे दिलंय, दिसाक नको म्हणान. मनाक किती कठीण केलंय मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ता तरी बरा केलंय मगे? दूध बंद केलंय ता?"

याचं उत्तर मला येतं. परीक्षेत आलं तर मी पहिलं तेच लिहीन. हगवण लागलेल्या पोराचं अंगावरचं दूध कधी बंद करायचं नाही, उलट जास्त द्यायचं, पोर सुकून जातं. सिस्टरनं आम्हाला ते इतक्या वेळा सांगितलं आहे की मी झोपेत सांगेन.

मी म्हटलं, "व्हय, आये. बरा केलात."

"हं," ती म्हणाली. आणि हात पुढे केले. "दे ता हकडे. तू जेव आधी, पाजतलंस तर पोटाक काय तरी होया."

मी मुलगी तिच्याकडे दिली. जेवायला बसले. तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले.